व्यापाऱ्याने परत केलेली दोन नाणी

वाचकाचं पत्र : माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अठरा वर्षं, ते देशोदेशीच्या टांकसाळींची स्मारक नाणी मागवत आले आहेत. प्रत्येक नाणं मखमली डबीत, सोबत क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. अशा तीनशेच्या आसपास डब्या कपाटात आहेत. ‘हे तुम्हा दोघांसाठी आहे, अडीअडचणीला कामाला येईल,’ असं ते आम्हा भावंडांना नेहमी सांगतात. आता त्यांची दृष्टी अधू झाली आहे. मागच्या महिन्यात मी त्यांना न सांगता सहा नाणी पर्समध्ये घालून एका व्यापाऱ्याकडे नेली. चार चांदीची होती, ती त्याने वजनावर घेतो म्हणून सांगितलं. उरलेली दोन त्याने न बघताच परत केली. मी एकही न विकता घरी आले. धाकटा भाऊ म्हणतो, सगळी चांदी मोडीत काढू आणि विषय संपवू. मला मात्र रडू आवरेना. बाबांना इतकी वर्षं फसवलं का? हे त्यांना सांगायचं का? आणि या डब्यांचं करायचं काय? (नाव छापू नये.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाणी जमवण्यात माझीही तीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे त्या व्यापाऱ्याच्या टेबलापाशी तुम्हाला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. एक नाणं पुढे सरकवायचं, समोरच्याने ते तराजूवर ठेवायचं आणि डबीकडे, प्रमाणपत्राकडे ढुंकूनही पाहायचं नाही. माझ्या मुलीच्या जन्माच्या वर्षी मी बारा नाण्यांचा एक संच हप्त्याहप्त्याने घेतला होता. काही वर्षांनी पैशांची गरज पडली तेव्हा तो विकायला नेला, तर दिलेल्या पैशांच्या एक तृतीयांशही कोणी द्यायला तयार होईना. तो दिवस मी विसरलेले नाही. म्हणून तुमच्या प्रश्नांना घाईत उत्तर देणार नाही.

बाबांना फसवलं का, हे आधी. त्यांना कोणी खोटं नाणं विकलेलं नाही. सरकारी टांकसाळीचं नाणं खरंच असतं, प्रमाणपत्रावर लिहिलेलं वजन आणि चांदीचं प्रमाणही खरंच असतं. पण जाहिरातीत ‘मर्यादित’, ‘दुर्मीळ’, ‘पिढ्यान्‌पिढ्या जपावा असा ठेवा’ हे शब्द अशा रीतीने एकमेकांना जोडलेले असतात की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप चौथा शब्द उमटतो, गुंतवणूक. तो शब्द बहुतेक वेळा कोणी छापलेला नसतो. तुमच्या बाबांनी तो स्वतःच वाचला, माझ्यासारख्या हजारो जणांनी वाचला. त्यात त्यांच्या शहाणपणाला कमीपणा आणणारं काही नाही.

गोंधळ होतो तो एकाच नाण्याला चार किमती असतात म्हणून. नाण्यावर कोरलेली दर्शनी किंमत, आतल्या धातूची किंमत, टांकसाळीने विकताना लावलेली किंमत, आणि आज दुसरा संग्राहक जी द्यायला तयार आहे ती किंमत. रोजच्या चलनातल्या नाण्याच्या बाबतीत आपल्याला फक्त पहिलीशी कर्तव्य असतं, म्हणून बाकीच्या तीन आहेत हेच लक्षात येत नाही.

दर्शनी किमतीला फार भुलू नका, ती असून नसल्यासारखी असते. ब्रिटनच्या शाही टांकसाळीने २०१३ पासून चांदीची २० पौंडांची नाणी २० पौंडांनाच विकायला काढली, पुढे ५० आणि १०० पौंडांचीही काढली. लोकांना वाटलं, यात बुडण्यासारखं काय आहे, नकोसं झालं तर बँकेत भरू. प्रत्यक्षात बँकांनी ती भरून घ्यायला नकार दिला. ‘कायदेशीर चलन’ हे शब्द कायद्यात फार अरुंद अर्थाने येतात. नाण्यावर आकडा आहे म्हणून दुकानदाराने किंवा बँकेने ते घेतलंच पाहिजे, असं बंधन त्यातून आपोआप येत नाही.

याच्या अगदी उलटी गोष्ट जपानची, आणि मला ती फार मोलाची वाटते. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये जपानने एक लाख येनचं सोन्याचं नाणं काढलं. त्यात २० ग्रॅम शुद्ध सोनं होतं, पण त्या वेळच्या भावाने त्या सोन्याची किंमत एक लाख येनच्या निम्मीही भरत नव्हती. म्हणजे कोणी तितकंच शुद्ध, तितक्याच वजनाचं सोनं घेऊन तसाच ठसा उमटवला, तर प्रत्येक नाण्यामागे त्याला भरभक्कम फायदा. नेमकं तेच झालं. १९९० मध्ये एक लाखाहून अधिक बनावट नाणी सापडली, आणि ती सगळी खऱ्या सोन्याची होती! आज सोनं इतकं महागलं आहे की त्याच २० ग्रॅमची किंमत दर्शनी आकड्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. नाणं तेच, आकडाही तोच, पण चाळीस वर्षांत ‘दर्शनी’ आणि ‘धातू’ यांनी जागा बदलल्या. अमुक किंमत खरी आणि बाकीच्या खोट्या असं म्हणायला म्हणून माझी जीभ रेटत नाही.

आता धातू. तुमच्या व्यापाऱ्याने जी किंमत सांगितली ती ही. मॉन्ट्रियलच्या १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी कॅनडाने १९७३ पासून २८ चांदीची नाणी काढली, १४ पाच डॉलरची आणि १४ दहा डॉलरची. पाचाचं वजन २४.३ ग्रॅम, दहाचं ४८.६, आणि चांदी हजारात ९२५ भाग. पूर्ण संचात मिळून साधारण ९४५ ग्रॅम शुद्ध चांदी होते, दर्शनी किमतींची बेरीज २१० डॉलर. नकाशे, धावपटू, नौका, सगळं सुरेख कोरलेलं आहे. पण ही नाणी निघालीच इतकी की आजही त्यांचा भाव चांदीच्या भावाला बांधलेला असतो. चांदी वर गेली की ती वर, खाली आली की खाली. तुमच्या त्या चार नाण्यांचं बहुधा असंच आहे. तसं असेल तर व्यापारी लुबाडत नव्हता, त्या प्रकारच्या नाण्याला जो भाव असतो तोच सांगत होता. फक्त त्याने खरा चालू भाव धरला का, हे तपासायचं राहिलं. ते घरीच करता येतं. वजनाला शुद्धतेच्या आकड्याने गुणायचं, हजाराने भागायचं, म्हणजे निव्वळ चांदी किती ते कळतं. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणायचं. व्यापारी त्यातून आपला वाटा काढणारच, पण किती काढतो आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर राहील.

तिसरी किंमत, म्हणजे बाबांनी मोजलेली. तिच्यात धातूखेरीज बरंच काही असतं. शिल्पकाराची कला, साचा, मखमली डबी, टपाल, जाहिरात, टांकसाळीचा नफा. अमेरिकेत तर स्मारक नाण्याच्या किमतीत एक अधिभार असतो, आणि तो ज्या कामासाठी नाणं काढलं त्या संस्थेकडे जातो. प्रूफ नाण्यात मेहनतही खरोखर जास्त असते. चकत्या आणि साचे घासून आरशासारखे करतात आणि एकाच नाण्यावर एकाहून जास्त वेळा ठसा मारतात, म्हणून पार्श्वभूमी काळीभोर चकाकते आणि उठावाचं चित्र दवासारखं धुकट पांढरं दिसतं. (प्रूफ हे घडवण्याच्या पद्धतीचं नाव आहे, दर्जाचं नाही. ओरखडे पडलेलं प्रूफही प्रूफच.) या सगळ्यासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही. लग्नाला घेतलेल्या शालूचे पैसे परत येतील अशी कोणाची अपेक्षा नसते. अडचण एवढीच, की शालू घेताना ते आपल्याला ठाऊक असतं आणि नाणं घेताना नसतं.

चौथी किंमत सगळ्यात लहरी. ती टांकसाळ ठरवत नाही, व्यापारीही ठरवत नाही. किती नाणी उरली आहेत आणि ती हवी असणारे किती आहेत, या दोनच गोष्टींवर ती चालते. प्रमाणपत्रावर ‘५०,००० पैकी ३,२१४’ लिहिलेलं असतं ते आपण अभिमानाने दाखवतो. पण ५०,००० ही बहुधा कमाल मर्यादा असते, खरोखर किती विकली गेली तो आकडा वेगळा, आणि टांकसाळी तो नंतर जाहीर करतात. शिवाय ५०,००० नाण्यांमागे ते नाणं हवं असणारे दहाच हजार असतील, तर तो आकडा लहान कुठे राहिला? क्रमांक लहान असल्याने भाव वाढतो हाही गैरसमजच, कारण क्रमांक कागदावर असतो, नाण्यावर सहसा नसतो.

चर्चिल वारले त्या वर्षी, १९६५ मध्ये, ब्रिटनने आपल्या या माजी पंतप्रधानांचा चेहरा असलेलं ‘क्राउन’ नावाचं मोठं नाणं काढलं. सुमारे १ कोटी ९६ लाख. घरोघरी लोकांनी ते जपून ठेवलं, पुढे याचे पैसे होतील म्हणून. सगळ्यांनीच जपलं, त्यामुळे ते कधी दुर्मीळ झालंच नाही, आणि आज नाण्यांच्या दुकानात ते चिल्लर म्हणून पडलेलं असतं. याच ब्रिटनमध्ये २००९ साली लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या अडीचशे वर्षांनिमित्त ५० पेन्सचं एक नाणं सरळ चलनात सोडलं, त्यावर तिथल्या पॅगोड्याचं चित्र. ना मखमल, ना प्रमाणपत्र. लोकांनी ते बसच्या तिकिटाला, दुधाला वापरलं. चलनात अशी फक्त २,१०,००० सोडली होती, हे २०१४ मध्ये सगळ्यांच्या लक्षात आलं आणि लोक खिसे चाचपायला लागले. त्याला दर्शनी किमतीच्या शेकडो पटीने भाव येऊ लागला. जे जपण्यासाठी विकलं ते स्वस्त राहिलं, जे खर्चायला दिलं ते महागलं.

पण म्हणून संग्राहकांसाठी काढलेलं कुठलंच नाणं वर जात नाही असंही नाही. युरोपातल्या चिमुकल्या मोनाकोने २००७ मध्ये आपल्या राणीसाहेब, पूर्वीच्या हॉलिवूड अभिनेत्री ग्रेस केली, यांच्या पंचविसाव्या स्मृतिवर्षी २ युरोचं नाणं काढलं, फक्त २०,००१. ते आज हजाराहून अधिक युरोंना जातं, कारण २ युरोंची स्मारक नाणी जमवणारे युरोपभर आहेत आणि त्या सगळ्यांना आपल्या वहीतली तीच एक रिकामी जागा भरायची असते. आणि अटलांटाची गोष्ट तर बाबांसाठी मुद्दाम लक्षात ठेवा. १९९६ च्या तिथल्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकेने १९९५ आणि १९९६ मिळून सोन्याची, चांदीची आणि साध्या धातूची १६ नाणी काढली, प्रत्येक प्रूफ आणि साधं अशा दोन रूपांत. नेहमीचे संग्राहकही थकले, वैतागले, पुष्कळ जणांनी मध्येच हात आखडता घेतला. त्यामुळे काही नाणी अगदीच थोडी विकली गेली. आज त्याच नकोशा नाण्यांच्या मागे लोक असतात. त्यानंतर तिथल्या संसदेने कायदा करून १९९९ पासून वर्षाला दोनच स्मारक उपक्रम, असं बंधन घातलं.

हे दुखणं नव्या काळाचं आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. अमेरिकेचं पहिलं स्मारक नाणं १८९२ चं, शिकागोच्या कोलंबस प्रदर्शनासाठी काढलेला अर्धा डॉलर. पन्नास सेंटचं नाणं एक डॉलरला विकायचं ठरलं. पहिलं नाणं रेमिंग्टन टाइपरायटर विकणाऱ्या कंपनीने १०,००० डॉलर देऊन घेतलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला. बाकीची मात्र पडून राहिली आणि शेवटी लाखो नाणी दर्शनी किमतीलाच चलनात गेली. १९३६ मध्ये तर सिनसिनाटी शहर ‘संगीताचं केंद्र’ झाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तीन टांकसाळींच्या तीन नाण्यांचे ५,००० संच निघाले. पन्नास वर्षांपूर्वी नेमकं काय घडलं होतं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. निमित्तच बनावट होतं, नाणी विकून पैसा करायचा एवढाच हेतू. असे प्रकार इतके वाढले की पुढे कित्येक वर्षं नव्या स्मारक नाण्यांना तिथे परवानगी मिळणं मुश्कील झालं. १९५४ नंतर १९८२ पर्यंत एकही निघालं नाही.

बाबांच्या डब्यांत नियू, कुक बेटं, तुवालू, पलाऊ अशी नावं दिसली तर बिचकू नका. ही खरी नाणी आहेत. छोटी राष्ट्रं आपलं नाव आणि दर्शनी किंमत वापरायची परवानगी देतात, नाणं भलत्याच देशात घडतं आणि त्या बेटावर बहुधा कधी पोचतही नाही. पलाऊने फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पवित्र पाण्याची इवलीशी कुपी बसवलेलं नाणं काढलं होतं. माझं मत विचाराल तर यातली काही नाणी कारागिरीत अप्रतिम असतात, पण एकेका वर्षी इतके प्रकार निघतात की पुढे खरेदीदार सापडणं कठीण जातं.

आता डब्यांचं काय करायचं ते. सगळ्यात आधी, कशालाही पुसू नका, घासू नका, चांदी उजळायची पावडर लावू नका. काळवंडलेली चांदी खराब झालेली नसते, हवेतल्या गंधकाने तिच्यावर थर चढलेला असतो, आणि तो थर कधी निळा-जांभळा येऊन नाण्याची शोभाच वाढवतो. एक नाणं मी स्वतः उजळलं होतं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक ओरखडे त्यावर पडले आणि जाणकाराने पहिल्या नजरेत ओळखलं. ते नाणं मी अजून ठेवलं आहे, पण तो पृष्ठभाग परत येत नाही. नाणं धरताना कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. एखादी पिशवी मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची असेल आणि नाण्यावर हिरवट चिकटा दिसत असेल, तर ते नाणं आधी त्या पिशवीतून बाहेर काढा, कारण तो चिकटा धातू खातो. रबरबँडही काढून टाका, त्यात गंधक असतं. डबी, प्रमाणपत्र, बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टन यांची ताटातूट करू नका. मोडीच्या तराजूवर त्यांना किंमत नाही, पण संग्राहकाला विकताना आहे.

मग एक वही घ्या. प्रत्येक नाण्याचा देश, वर्ष, दर्शनी किंमत, धातू, वजन, शुद्धता आणि प्रमाणपत्रावरचा संख्येचा आकडा. तीनशे डब्या म्हणजे काही रविवार जातील. लिहिता लिहिता तीन ढीग आपोआप पडतील. सोन्या-चांदीची नेहमीची नाणी, ज्यांना धातूचा भाव हमखास येतो. तांबं-निकेलची किंवा नुसता मुलामा दिलेली, ज्यांना धातू म्हणून जवळजवळ काहीच येत नाही; मुलाम्याचं सोनं इतकं पातळ असतं की ते मोजायचंही कारण नाही. आणि तिसरा, लहान ढीग, ज्यांची प्रत्यक्ष विक्री फार थोडी झाली होती. तुमचं लक्ष या तिसऱ्यावर हवं. यासाठी लोक मागतात ती किंमत पाहू नका, लिलावात खरोखर मिळालेली किंमत पाहा. मागणारा काहीही मागतो. याच वेळी देशाचं नाव आणि दर्शनी किंमत दोन्ही नसलेले तुकडे वेगळे काढा, ती बहुधा नाणी नव्हेत, पदकं असतात, आणि खाजगी कंपन्यांच्या पदकांना धातूपलीकडे भाव क्वचितच मिळतो.

या तिसऱ्या ढिगासाठी एका व्यापाऱ्याचं मत पुरेसं नाही. तीन तरी जणांना दाखवा, जमल्यास नाणे-संग्राहकांच्या मंडळात जा, तिथे विकत घेणारी नसलेली, नुसती आवडीने सांगणारी माणसं भेटतात. दर्जा ठरवून प्लास्टिकच्या चौकटीत बंद करून देणाऱ्या संस्थांकडे सगळी नाणी पाठवू नका. सत्तर गुणांच्या मोजपट्टीवर आधुनिक प्रूफ नाण्यांना बहुतेक ६९ किंवा ७० मिळतातच, आणि त्याचा खर्च पुष्कळदा नाण्याहून जास्त होतो. आणि कोणी फोन करून ‘तुमच्या नाण्यांना गिऱ्हाईक आहे, आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणाला, तर फोन ठेवून द्या. विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

तुमच्या भावाबद्दल दोन शब्द. तो निष्ठुर नाही. पहिल्या ढिगापुरतं त्याचं म्हणणं बरोबरच आहे, नेहमीची चांदी भाव चांगला असताना विकायला हरकत नाही. पण तीही शक्यतो नाणी म्हणूनच विका, आणि वहीआधी काहीही बाहेर जाऊ देऊ नका. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला जवळपास ५० डॉलरवर गेली तेव्हा लोकांनी ढिगाने नाणी वितळवली. भाव पुढे दोन-तीन महिन्यांतच कोसळला. त्या ढिगांत काय काय गेलं, ते आता कोणालाही सांगता येणार नाही.

राहिला बाबांचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने पत्राचं मर्म तेच आहे.

त्यांना सांगायला हवं, असं मला वाटतं. पण ‘बाबा, हे सगळं कवडीमोल निघालं’ असं नाही, कारण ते खरंच नाही. तुम्ही सहा नाणी एका माणसाला दाखवली आहेत, तीनशे नाही. सांगायला हवं याचं कारण साधं आहे. अडीअडचणीला हे कामाला येईल असं ते धरून चालले आहेत. औषधपाण्याचा, पुढच्या काळजीचा हिशेब त्यांनी मनात या कपाटाच्या भरवशावर मांडला असेल, तर तो हिशेब चुकीचा राहू देणं ही माया नव्हे. आणि अजूनही महिन्याला नवं नाणं येत असेल, तर ते थांबवण्याचा निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायला हवा, तुम्ही दोघांनी परस्पर नाही. आकडा लपवून ठेवला तर एक दिवस तो त्यांना भावाच्या तोंडून किंवा त्या व्यापाऱ्याच्या तोंडून कळेल, आणि तेव्हा नाण्यांपेक्षा तुम्ही लपवलंत याचं त्यांना जास्त लागेल.

त्याआधी ती सहा नाणी जागच्या जागी ठेवा आणि ती नेली होती हे त्यांना सांगून टाका. ते रागावतील. रागावू द्या.

मग वहीचं काम त्यांच्याबरोबर करा. दृष्टी अधू झाली असली तरी अठरा वर्षं हाताळलेलं नाणं बोटांना ओळखू येतं, त्याची जाडी, कडेवरच्या रेघा, उठाव. डबी त्यांच्या हातात द्या, ते सांगतील, तुम्ही लिहा. १९७२ च्या म्यूनिक ऑलिम्पिकचं दहा मार्कांचं नाणं त्यांच्याकडे असेल तर विचारा, त्यावर ‘जर्मनीत’ लिहिलं आहे की ‘म्यूनिकमध्ये’? आधी ‘जर्मनीत’ असं छापलं होतं, तेव्हा वेगळा देश असलेल्या पूर्व जर्मनीने आक्षेप घेतला, मग पुढच्या नाण्यांवर शहराचं नाव आलं. अशा शेकडो गोष्टी त्यांना माहीत असणार, आणि माझा अंदाज आहे की इतक्या वर्षांत घरात कोणी त्या विचारल्या नसतील. आम्हा जमवणाऱ्यांना विचारणारं माणूस फार हवं असतं.

या बसण्यात कधीतरी ते स्वतःच विचारतील, ‘याचे किती येतील गं?’ तेव्हा वहीत लिहिलेला आकडा जसाच्या तसा सांगा, डोळे चुकवू नका. जास्त सांगू नका, आणि मोघमही सांगू नका. जपानच्या नाण्याची गोष्ट सांगा, चर्चिलची सांगा, अटलांटाच्या त्या नकोशा नाण्यांचीही सांगा. ते संग्राहक आहेत, त्यांना हे तुमच्यापेक्षा लवकर कळेल. कदाचित अर्धं त्यांना आधीपासून कळलेलंही असेल.

काय विकायचं आणि काय ठेवायचं, ते मग तिघांनी मिळून ठरवा. नेहमीची चांदी देऊन त्यांच्या डोळ्यांच्या उपचाराला पैसे उभे राहिले तर त्यांनाच समाधान वाटेल. पण ठेवायच्या नाण्यांची निवड त्यांना करू द्या, आणि ती करताना किमतींची वही मिटलेली असू द्या.

आणि पहिल्या रविवारी कुठली डबी उघडायची असा प्रश्न पडला, तर व्यापाऱ्याने न बघता परत केलेल्या त्या दोन नाण्यांपासून सुरुवात करा. त्यांत चांदी नाही, म्हणजे बाबांनी ती चांदीसाठी घेतलेली नाहीत. ती का घेतली होती, ते त्यांना विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.